मोटार वाहतूक, विलायत ते कवठखेड

मँचेस्टर, ५ जून १९२८

उद्या निघायचं. जमिनीवरून जायचं हे तीन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. येताना बोटीवर मी एकोणीस दिवस ओकत होतो. एडनच्या पुढे बोटीवरचा डॉक्टर माझ्या खाटेशी उभा राहून खलाशाला हळू आवाजात विचारत होता, की प्रेत गुंडाळायला शिडाचं जुनं कापड किती लांब शिल्लक आहे. त्याला वाटलं मी झोपलोय. त्या क्षणी शपथ घेतली, घरी जाईन तर चाकांवर.

सूतकताईचं शिक्षण संपलं. फटफटी एका पाववाल्याकडून घेतली आहे, जुनी, साडेतीन घोड्यांची. तापली की तिला भाजलेल्या पावाचा वास येतो.

आबांना एप्रिलमध्येच सगळा मार्ग लिहून पाठवला: बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, सर्बिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, बगदाद, इराण, क्वेट्टा, मग आगगाडीचा रस्ता धरून खामगाव, अमडापूर आणि आमचं कवठखेड. कोणत्या गावच्या पोस्टात पत्र टाकायचं तेही कळवलंय. नकाशावर सगळं मिळून सव्वा वीत भरतं. ऑगस्टच्या शेवटी घरी.

घरमालकीण मिसेस होल्डन म्हणाल्या, "पोहोचलास तर पत्र टाक." 'तर' या शब्दावर त्यांनी उगाच जोर दिला.

ओस्टेंड, ८ जून

इंग्लंड आणि बेल्जियमच्या मध्ये समुद्र आहे. नकाशावर तो मला दिसत होता, पण इतका बारीक होता की मी हिशेबातच धरला नव्हता. चार तास. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कलोन, १७ जून

पोस्टात आबांचं पत्र मिळालं. आबा जसे बोलतात तसेच लिहितात.

"चिरंजीव शालिग्रामले आशीर्वाद. तू फटफटीवर येऊन राह्यला हे वाचलं. लय बेस केलं. गावात समद्याइले सांगतलं. तहसीलदारालेबी सांगतलं. आता एक काम कर. घाई करू नोको. जेवढं हळू येता येईन तेवढं हळू ये. रस्त्यात काही पाहासारखं असन तं पाहून घे. पण फटफटी सोडू नोको. आबा."

तीन वर्षं झाली घर सोडून. माय गेल्यापासून घरात आबा आणि माझी बायको कोकिळा, दोघंच. आणि बाप म्हणतो हळू ये! मी पत्र चारदा वाचलं. रागाच्या भरात दुपारी जोरात फटफटी हाणली आणि गावाबाहेर कोबीच्या गाडीवर आदळलो. कोबीवाल्याने मला उठवलं, कपडे झटकले, आणि एक गड्डा हातात दिला. हा दंड होता की औषध, ते कळलं नाही. मी तो दोन दिवस खाल्ला.

पासाऊ, १३ जुलै

नऊ दिवस या सरहद्दीवर अडकलो, ते सरकीच्या पिशवीमुळे. मँचेस्टरहून नमुन्याची शेरभर सरकी आणली आहे, आमच्या काळ्या जमिनीत टाकून पाहावी म्हणून. जकातवाला म्हणाला, बी निरोगी असल्याचा दाखला हवा. दाखला देणारा अधिकारी गवत कापायला आपल्या गावी गेला होता. मग त्याच्याच इथल्या घरी राहिलो. त्याच्या आईने मला रोज बटाटे खाऊ घातले आणि रोज माझे कान तपासले, का ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आज अधिकारी आला. त्याने दोन दाखले लिहिले, एक माझा आणि एक सरकीचा, आणि नावं उलटी घातली. आता कागदोपत्री शालिग्राम शेषराव हा काळपट, टणक, अंगावर आखूड लव असलेला व पेरणीस योग्य आहे. सरकी सव्वीस वर्षांची असून विवाहित आहे. मी चूक दाखवायला गेलो तर म्हणाला, दुरुस्तीला आणखी नऊ दिवस. शिक्का मारून घेतला.

व्हिएन्ना, १९ जुलै

दोन पत्रं. आबांचं असं:

"ओव्हरसियर म्हणते पूल पोळ्यालोक होईन. माह्या मतानं दिवाळी येईन. पुलाच्या आधी आला तं माह्याशी गाठ आहे. आबा."

कोणता पूल? तसं आबांना लिहून विचारलं. आमच्या गावाला पूल नाही. गावाला नाला आहे. पावसाळ्यात तो आडवा आला की गाव चार महिने बेट होतं. आबांचं वय झालं, दुसरं काय.

दुसरं पत्र कोकिळेचं. मी निघालो तेव्हा तिला लिहिता येत नव्हतं. अक्षरं पेरणीच्या ओळीसारखी खाली-वर गेली आहेत.

"आबा रोज सकाळी नाल्यावर जाऊन बसतात. जेवाले बोलवा लागते. तुमी आले का त्यायच्याजवळ बसजा. कोकिळा."

बायकोने लिहिलेलं आयुष्यातलं पहिलं पत्र, आणि त्यात माझ्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे घरात कोणालाच माझी घाई नाही. ठीक आहे. हळूच जाऊ. आज दिवसभर एका बागेत बसून बदकं मोजली. बदकं हलतात, त्यामुळे काम संपत नाही.

सर्बियातलं एक डोंगरी गाव, २४ ऑगस्ट

गावाचं नाव मला उच्चारता येत नाही. साखळी तुटली म्हणून थांबलो. लोहार साखळी जोडत होता, तेवढ्यात सात-आठ म्हातारे आले, मला धरून नेलं आणि चर्चपुढच्या अंगणात खुर्चीवर बसवलं. मला वाटलं आता अटक.

शाळामास्तरला मोडकं इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, "दोन भाऊ. एक अक्रोडाचं झाड, बांधावर. अकरा वर्षं बोलत नाहीत. गावातल्या प्रत्येकाने बाजू घेतली आहे, पाद्र्यानेही. तू न्याय कर."

"मला तुमची भाषा येत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच," तो म्हणाला.

मग थोरला भाऊ तासभर बोलला. धाकटाही तासभर बोलला. दोघंही माझ्याकडे पाहून बोलत होते, एकमेकांकडे नाही. मी मान हलवत राहिलो. आबा पंचायतीत बसतात तसा बसलो, डोळे अर्धे मिटून, हात गुडघ्यावर. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दुसऱ्याचं संपलं तेव्हा सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघू लागलं. शेवटी तोंडातून आपलीच बोली निघाली, "बाप्पा हो, आधी मले जेवाले द्या." आणि पोटावर हात ठेवून, तोंडाकडे बोटं नेऊन दाखवलं.

शाळामास्तरने ते काय भाषांतर करून सांगितलं, देव जाणे. सभेत एकदम हलकल्लोळ झाला. थोरल्याची बायको घरात धावली, धाकट्याची तिच्या घरात धावली. एकीने भाकरी आणली, एकीने चीज आणि त्याच झाडाचे अक्रोड. भावांना एका ताटाशी समोरासमोर बसवलं. मला वेगळं ताट मिळालं, त्यामुळे मी त्यांच्याकडे फार लक्ष दिलं नाही. तिसऱ्या घासाला धाकटा रडायला लागला. मग थोरला. मग पाद्री.

आता मी इथला मोठा न्यायाधीश आहे. मला फक्त भूक लागली होती, हे सांगायचा प्रयत्न केला, पण मास्तरने ते विनय म्हणून भाषांतरित केलं असावं. आणखी दोन खटले आणले आहेत. एकात बकरी आहे. घाई नाहीच, म्हणून राहतोय.

स्तंबूल, २० सप्टेंबर

आबांचं लांब पत्र. त्यांनी आजवर एवढं कधी लिहिलं नव्हतं.

"तू विचारलं कोणता पूल. मले वाटलं तुले समजलं असन. नाल्याचा. बारा वर्षं अर्ज करून राह्यलो. साहेब लोक म्हणते गाडीरस्ता आहे, पुलाची गरज नाही. मोटारीचा रस्ता असन तरच पूल मिळते. अन् तुमच्या गावात मोटार कुठं आहे? तुह्यं पत्र आलं का मी तेच घेऊन गेलो. म्हटलं पाहा, माह्या पोट्ट्याची मोटार विलायतेतून कवठखेडले निघाली. पहिले हासले. मंग फाइल केली. फाइलीवर नाव आहे: मोटार वाहतूक, विलायत ते कवठखेड. मंजूर झालं. बुलढाण्याचे मोठे साहेब येऊन सोता पाहतीन का मोटार खरंच येते का नाही. म्हून सांगतो, पुलाच्या आधी आला तं मोटार नाल्यात अडकन अन् लोक हासतीन. अन् बिनमोटारीचा आला तं फाइल बंद होईन. झुंबरच्या येळेस पूल असता तं. आबा."

वाक्य तिथंच सोडलंय.

झुंबर माझी धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दोन वर्षांपूर्वी, भाद्रपदात. अडली म्हणून खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, घालून अमडापूरच्या दवाखान्यात निघाले. आबा हाकत होते, कोकिळा मागे तिला धरून होती. तीन कोसांची वाट. सकाळी निघाले, दिवस कलला तरी नाल्याच्या चिखलातून चाक निघालं नव्हतं. नाल्यातच गेली. मूलही.

मला मँचेस्टरला महिन्याने कळलं. दुसऱ्या दिवशी पिंजणयंत्राचा पेपर होता. त्यात पहिला आलो.

आज फटफटीचा स्पार्क प्लग साफ केला. मग पुन्हा साफ केला. चारदा केला.

बगदाद, २३ ऑक्टोबर

मोसुलच्या अलीकडे फटफटी गेली. इंजिनातला दट्ट्या वितळून चिकटला. तिथल्या लोहाराने पितळेचा नवा बनवून दिला, तो दोन मैल चालला. मग उंटावर घातली. उंट वीस पावलं चालून बसला आणि मागे वळून तिच्याकडे असं पाहू लागला की मलाच लाज वाटली. तिथून लॉरीत बगदाद.

चिखलीच्या तारमास्तरच्या पत्त्यावर आबांना तार केली: फटफटी मेली, काय करू. आज जबाब आला. आबांनी "मढं असन तरी घेऊन ये" असं सांगितलं असणार. तारमास्तरने त्याचं इंग्रजी केलं. इथल्या तारबाबूने मला तार देताना टोपी काढली. तारेत एवढंच होतं: देह घरी आण. वडील.

मी समजावायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "बोलू नका. मी सगळी व्यवस्था करतो." भला माणूस होता. इराणच्या वाटेवर मोडक्या गाडीला कोण घेतंय? पण देहाला सगळे वाट देतात. फटफटीला लांब लाकडी पेटी मिळाली. पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलं, "शेषराव कुटुंब, कवठखेड." इराणची वाट सोडून बसऱ्याच्या आगगाडीत वेगळा डबा मिळाला. हमालांनी पेटी खांद्यावरून नेली, आदळली नाही. एकाने विचारलं, "कोण होतं?"

काय सांगणार? "घरचंच," मी म्हणालो.

बोटीवर, ३ नोव्हेंबर

बसऱ्याहून मुंबई. समुद्रच. शपथ मोडली.

पेटी मागच्या डेकवर ताडपत्रीखाली आहे. मोकळ्या हवेत बरं वाटेल म्हणून मी दिवसभर तिथेच, तिला धरून बसतो. मळमळ आली की पेटीवर डोकं टेकतो. डोळ्यांतून पाणी वाहतं, ते ओकाऱ्यांमुळे. येणारे-जाणारे पाहतात. एक गुजराती बाई रोज लिंबाचं सरबत आणून ठेवतात आणि न बोलता जातात.

आज कप्तान आला. मस्कतहून चढलेले चार व्यापारी, दोन खलाशी आणि ती बाई, सगळे गोल उभे राहिले. कप्तानाने पुस्तकातून प्रार्थना वाचली. मी मध्येच सांगणार होतो की यात फटफटी आहे, साडेतीन घोड्यांची. तोंड उघडलं आणि वेगळंच निघालं. म्हणालो, "नालाच पार झाला नाही हो." मराठीत. कोणालाच कळलं नाही. मग मी बराच वेळ रडलो, मोठ्याने. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

समुद्र त्या वेळी अगदी शांत होता, हेही लिहून ठेवतो.

खामगाव, १४ नोव्हेंबर

स्टेशनावर आबा खाचर घेऊन उभे. पाठ वाकली आहे. मी पाया पडलो. त्यांनी मला वर उठवलं, चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला, आणि म्हणाले, "लवकर आला बे. चुना वाळाले अजून चार दिवस पायजेत."

म्हणून चार दिवस मी खामगावातच, आबांचे मित्र किसनराव यांच्या सरकीच्या कोठारात लपून राहणार. मी युरोपात असल्याचं तहसीलीत नोंदलं आहे.

किसनरावांनी पेटी उघडून इंजिन पाहिलं. कापसाच्या प्रेसचं इंजिन सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. म्हणाले, "शालिग्राम, हे आता चालत नाही. याचं लोणचं घाल."

"मंग साहेबापुढं काय करावं?" आबा म्हणाले.

किसनराव विचार करून म्हणाले, "टेकडी आहे ना?"

कवठखेड, १९ नोव्हेंबर

झालं एकदाचं.

अमडापूरकडून येणारा नवा रस्ता टेकडी चढून एकदम नाल्याकडे उतरतो, मग पूल, मग गाव. पुलाच्या गावाकडच्या टोकाला मांडव घातला होता. बुलढाण्याचे मोठे साहेब, तहसीलदार, ओव्हरसियर खुर्च्यांवर. सगळं गाव फेटे बांधून. टेकडीच्या पलीकडे बाभळीच्या आड मी, फटफटी आणि गावचे आठ गडी. मी विलायती कोट घातला, चष्मा चढवला. पुढच्या चाकाला झेंडूची माळ.

किसनरावांनी टेकडीवरून पंचा हलवला. आठ जणांनी ढकललं. मी टेकडीवर आलो तेव्हा गडी बाभळीमागेच राहिले, आणि खाली सगळा उतार. नवी खडी, गुळगुळीत. फटफटी धावू लागली. युरोपात तिने एवढा वेग कधी घेतला नव्हता. आवाज फक्त वाऱ्याचा आणि माळेचा. ब्रेक बगदादलाच गळून पडला होता, हे मला पुलावर आठवलं. पूल पार केला, मांडवासमोरून गेलो, मी मान लववून साहेबांना सलाम केला, आणि पुढे शालिग्रामाच्या नावाने जयजयकार करणाऱ्या भजनी मंडळीतून आरपार जाऊन कडब्याच्या गंजीत घुसलो. गंजी मऊ होती.

साहेब स्वतः उठून आले. फटफटीभोवती फिरले.

"मी इंग्लंडातही इतकं शांत इंजिन ऐकलं नाही," ते म्हणाले. मी आबांना सांगितलं.

"सांग त्याले," आबा म्हणाले, "विलायती माल आहे."

"पुन्हा सुरू करून दाखवता का?"

मी घाम पुसला. आबांनी न विचारताच ओळखलं. पुढे होऊन त्यांनी फटफटीच्या न तापलेल्या इंजिनावर हात ठेवला, बैलाच्या मानेवर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "साहेब, लय दुरून आली. दमली आता. राहू द्या."

मी भाषांतर केलं. साहेब थोडा वेळ आबांकडे पाहत राहिले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, सांगता येत नाही. मग ओव्हरसियरकडे वळून म्हणाले, "लिहा. मोटार वाहतुकीस योग्य."

आबा फेट्याच्या टोकाने नाक पुसत होते. म्हणे खडीची धूळ.

कवठखेड, २० नोव्हेंबर

आज तांबडं फुटताना आबांनी खाचराला बैल जुंपले. खाचर रिकामं. मी ओसरीवर दात घासत होतो.

"कुठं जाता आबा?"

"येतो."

कोकिळा घरातून बाहेर आली. तिने विचारलंसुद्धा नाही. एक गोधडी आणून खाचरात अंथरली आणि मागे चढून बसली, मांडी घालून, पाठ टेकवून. हात मांडीवर ठेवले. मग माझ्याकडे पाहिलं. मी चूळ भरली आणि आबांच्या शेजारी पुढे जाऊन बसलो.

पुलावर चढताना चाकांचा आवाज बदलला, पोकळ झाला. आबांनी बैलांना हाक दिली नाही, कासरा ओढला नाही, खाली पाहिलं नाही. एवढ्यात पूल संपला. तीस पावलंही नसतील.

अमडापूरला दवाखान्यापुढे खाचर उभं केलं. कंपाउंडर बाहेर आला. गोधडीकडे पाहून घाईने म्हणाला, "पेशंट कुठं आहे?"

"पेशंट नाही," आबा म्हणाले. "पाहाले आलतो, किती येळ लागते."

"मग? किती लागला?"

आबांनी सूर्याकडे पाहिलं. तो नुकता कुठे लिंबाच्या वर आला होता.

"काहीच नाही लागला," आबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "काहीच नाही लागला, बाप्पा." आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले. कोकिळा उतरून त्यांच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. कंपाउंडरने बैलांना पाणी आणून दिलं.

परतताना पुलावर समोरून एक गाडी आली. बाहेरगावची माणसं, कोणी ओळखीचं नाही. गाडीवान तंबाखू मळत होता, मागे दोन बाया कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत हसत होत्या. आपण पुलावरून चाललोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. आबांनी आपली गाडी कडेला घेऊन त्यांना वाट दिली, आणि ती माणसं टेकडीआड जाईपर्यंत मागे वळून बघत राहिले.

"पाह्य," ते म्हणाले. "कसे चालले."